शरद ऋतूतील शालेय परसबाग : काय लावावे व किती लावावे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बागकामाची पुष्कळशी पुस्तके थंड देशांतील रिवाजास अनुसरून लिहिलेली असतात. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात ती मोकळी होते व मग पेरणी सुरू होते. वर्धा जिल्ह्याचा क्रम ह्याच्या उलट आहे. येथे झाडाला थंडी मारीत नाही, ऊन मारते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, विहिरी तळ गाठतात आणि कोवळ्या भाजीचा वाफा दोन दिवसांत करपतो. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, परंतु काळी जमीन चिबडते आणि पालेभाजी सडते. भाजीपाल्याला खऱ्या अर्थाने मानवणारा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून शिमग्यापर्यंतचा. म्हणून येथल्या शाळेच्या परसबागेचा पाडवा आश्विनात येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या जिल्ह्यातील शिक्षकाला बागेचे महत्त्व बाहेरून कोणी सांगावयास नको. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ ह्या तारखांना, वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांचा विचार केला, तेव्हा सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती ह्यांच्या जोडीला फळे व भाजीपाल्याची बाग हाही शिक्षणाचा मूलोद्योग मानला. पुढे सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत मुले भाजी पिकवीत, ती स्वयंपाकघरात जाई, आणि तिचा हिशेब वर्गात लिहिला जाई. २००५ साली सेवाग्रामच्या परिसरात पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेतही शेती व स्वयंपाक ही अभ्यासाचीच अंगे आहेत.

त्याबरोबरच आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मूलोद्योग शिक्षण अनेक ठिकाणी का टिकले नाही? तकली फिरत राहिली, परंतु तिच्या सुताचे कापड होईना. तपासणीच्या दिवशी पेटीतून निघावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पेटीत जावयाचे, असे त्या साधनाचे झाले. काम खोटे आहे हे मुलाच्या सर्वांत आधी लक्षात येते. आजच्या परसबागेलाही तोच धोका आहे. चुन्याने रंगविलेल्या विटा, सुबक अक्षरांतील नावांच्या पाट्या आणि मध्ये वाळलेली चार रोपे, अशी बाग मुलाला एवढेच शिकविते की, काम हे दाखविण्यासाठी करावयाचे असते. ह्याच्या उलट, दोनच वाफे असले आणि त्यांतील मेथी डिसेंबरात त्याच्या ताटात पडली, तर त्याने जे शिकावयाचे ते तो शिकला. तेव्हा परसबागेची कसोटी एकच : बागेतले किती ताटात आले?

ह्या कसोटीचा प्रथम आकड्यांत विचार करू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजीपाला मिळावा, असे प्रमाण ठरलेले आहे. प्राथमिक वर्गांत चाळीस मुले असलेल्या शाळेला दररोज दोन किलो भाजी लागेल. आता एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असा मेथीचा वाफा घेतला, तर चांगल्या स्थितीत त्यातून एका वेळी साधारण दोन किलोच्या आसपास भाजी निघते. म्हणजे एक वाफा हा चाळीस मुलांचा एक दिवस. हे प्रमाण ऐकून कोणी निराश होऊ नये. शाळेची बाग बाजाराची जागा घेऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी धरू नये. परंतु आठवड्यातून एक दिवस मुलांनी स्वतः पिकविलेली ताजी भाजी शिजावी, हे साध्य आहे; मात्र त्यासाठी सारे वाफे एकाच दिवशी पेरून चालणार नाही. तसे केले तर एका आठवड्यात भाजी उतू जाते व पुढे महिनाभर बाग रिकामी राहते. म्हणून पालेभाजीचे पाच वाफे आखावे आणि दर शनिवारी एकच पेरावा. पाचवा पेरून होतो तोवर पहिला काढणीस येतो. तो काढून, थोडे कुजलेले खत घालून, पुन्हा पेरावा. दिवाळीच्या सुटीनंतर आरंभ केला तरी फेब्रुवारीअखेर असे दहा-बारा दिवस मुलांच्या वाट्यास येतात.

दुसरा हिशेब पाण्याचा आहे, आणि तो पहिल्याहून कठोर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दररोज सुमारे चार लिटर पाणी लागते. म्हणजे तीन चौरस मीटरच्या एका वाफ्याला बारा लिटर. पालेभाजीचे पाच आणि फळभाजीचे तीन असे आठ वाफे केले, तर दररोज जवळजवळ शंभर लिटर, म्हणजे दहा लिटरच्या दहा बादल्या हव्या. चाळीस मुलांनी जेवणापूर्वी हात धुतले आणि प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी वापरले, तर वीस लिटर पाणी बागेला आपोआप मिळते. बाकीच्या आठ बादल्या कोठून येणार? हातपंप किती जवळ आहे? नळ आठवड्यातून किती दिवस येतो? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज फावड्याला हात लावू नये. पाच बादल्यांचीच सोय असेल तर चारच वाफे करावे. चार हिरवे वाफे हे आठ सुकलेल्या वाफ्यांपेक्षा केव्हाही चांगले. मार्च उजाडला की पाण्याची हीच गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणून फेब्रुवारीत नवीन पेरणी थांबवावी. वेळेवर थांबणे हाही बागकामाचा एक भाग आहे.

जमिनीविषयी थोडे सांगणे जरूर आहे. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट व समुद्रपूर ह्या भागांत काळी, कपाशीची जमीन पुष्कळ आहे. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांच्या टेकड्यांकडे ती हलकी व मुरमाड होत जाते. काळी जमीन ओली असता चिखल होते व वाळली की भेगाळते. तिच्यात काम करण्याचा योग्य क्षण म्हणजे वापसा. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा व तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा चपटा झाला तर जमीन अजून ओली आहे. तो सहज फुटला तर वापसा आला आहे. ही परीक्षा चौथीच्या मुलालाही करता येते. काळ्या जमिनीत वाफे सपाट न करता गादीवाफे करावे, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच. परतीच्या पावसाची एखादी सर आली तर पाणी तुंबत नाही. हलक्या जमिनीत मात्र वाफा सपाट व कडेने बांध घातलेला असावा, म्हणजे दिलेले पाणी वाहून जाणार नाही. दोन्ही प्रकारांत शेणखत अगर गांडूळखत पूर्ण कुजलेले हवे. ताजे शेण घातले तर हुमणी व वाळवी ह्यांना आमंत्रण मिळते.

आता काय लावावे, हे पाहू. गावातील शेतकरी नक्षत्रांनी काळ मोजतो. शिक्षकानेही तेच कोष्टक फळ्यावर लिहावे व त्यासमोर इंग्रजी तारखा मांडाव्या. सूर्य हस्त नक्षत्रात २७ सप्टेंबरच्या सुमारास येतो, चित्रा नक्षत्रात १० ऑक्टोबरच्या सुमारास, स्वाती नक्षत्रात २४ ऑक्टोबरच्या सुमारास व विशाखा नक्षत्रात ६ नोव्हेंबरच्या सुमारास.

हस्त व चित्रा नक्षत्रांत दिवसाचे ऊन अजून कडक असते. जमीन तापलेली असल्यामुळे ह्या वेळी पालक, गाजर व वाटाणा पेरले तर उगवण विरळ होते. ह्या काळात ऊन सोसणारी पिके घ्यावी : मुळा, चवळी आणि कुंपणावर चढविण्यासाठी वाल. वालाचा वेल एकदा धरला की हिवाळाभर शेंगा देतो, आणि पोपटीच्या शेंगा आवडत नाहीत असे मूल ह्या भागात शोधून सापडावयाचे नाही. वांगी, टमाटे व मिरची ह्यांची रोपे सप्टेंबरात गादीवाफ्यावर टाकली असतील तर चार ते सहा आठवड्यांनी ती लावण्याजोगी होतात. रोपे टाकली नसतील तर खंत करू नये. बाजारातून अगर गावातील बागायतदाराकडून तयार रोपे आणावी. लावणी नेहमी उन्हे कलल्यावर करावी व लगेच पाणी द्यावे.

शाळेच्या किंवा लगतच्या शेताच्या धुऱ्यावर खोल काळी जमीन असेल, तर ह्याच वेळी तेथे हरभरा, करडई व थोडी जवस पेरावी. ही पिके पावसाने जमिनीत मुरविलेल्या ओलाव्यावर येतात. त्यांस बादलीभरही पाणी लागत नाही. महिन्याभराने हरभऱ्याचे शेंडे खुडले असता भाजी मिळते व झाडाला अधिक फांद्या फुटतात. करडईची पाने काटे धरण्यापूर्वी खुडून भाजी करतात. जिथे पाण्याची सोय नाही अशा शाळेने हताश न होता हे तीनच जिन्नस घ्यावे. तिची परसबाग कोणाहून कमी ठरत नाही.

स्वाती व विशाखा नक्षत्रांत रात्री थंड होऊ लागतात. हा पालेभाजीचा खरा काळ. मेथी व पालक साधारण महिन्याने काढणीस येतात. सांबार थोडा अधिक वेळ घेतो. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावे, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. मेथी उपटून काढतात, पालक मात्र बुडापासून दोन बोटे ठेवून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो व दोन-तीन कापण्या देतो. गाजराला भुसभुशीत वाफा हवा. काळ्या घट्ट जमिनीत त्याला फाटे फुटतात, म्हणून वाफ्यात वाळू व खत मिसळावे. त्याची उगवण दहा-पंधरा दिवस घेते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. नाही तर ती रोज माती उकरून पाहतात. बीटाचे जे आपण बी म्हणतो तो बियांचा झुपका असतो. एका ठिकाणी दोन-तीन रोपे येतात, त्यांतील एक ठेवून बाकीची काढावी व त्यांची पाने भाजीत घालावी. लसणाच्या पाकळ्या वाफ्यांच्या कडेने टोचाव्या. लसूण तयार होण्यास चार महिन्यांहून अधिक काळ लागतो, परंतु पात त्याआधीच चटणीस उपयोगी पडते.

फुलकोबी लावण्याचा मोह शाळांना फार होतो, कारण ती पाहुण्यांना दिसते. ती लावू नये असे नाही. लवकर येणारे वाण घेऊन, दीड-दीड फुटावर रोपे लावावी. परंतु एका झाडाला एकच गड्डा येतो आणि तो कापला की झाड संपले. तेवढ्याच जागेतील वांग्याचे झाड दोन-अडीच महिन्यांत फळाला लागून पुढे कित्येक आठवडे देत राहते. जागा व पाणी मोजके असेल तेव्हा वांगे, वाल व पालक ह्यांनाच आधी मान द्यावा.

सांडपाण्याच्या वाटेवर पपईचे एखादे रोप अगर केळीचा कंद लावावा. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीच्या वाफ्यात सोडू नये. ते केळीकडे वळवावे. शेवगा, कढीलिंब, लिंबू ह्यांसारखी कायमची झाडे पावसाळ्याच्या आरंभी लावावयाची असतात. ह्या ऋतूत लावलेल्यांना आळे करून जपावे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळदही शरदात लावण्याची वस्तू नव्हे. ती पावसाळ्याच्या तोंडावर लावतात व हिवाळ्याच्या उत्तरार्धात खणतात. प्रत्येक पिकाची वेळ ठरलेली आहे, हे मुलांना गावच्याच पिकावरून समजावे.

ह्या साऱ्या योजनेत एक अडचण आहे : दिवाळीची सुटी. लागवडीचा ऐन काळ आणि शाळा बंद असण्याचा काळ एकच. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणून एकच वेळापत्रक दरवर्षी चालत नाही. दिवाळी लवकर असेल तर सुटीपूर्वी केवळ हरभरा, करडई, वाल अशी स्वतःची काळजी घेणारी पिके पेरावी व पालेभाजी शाळा उघडल्यावर सुरू करावी. दिवाळी उशिरा असेल तर मुळ्यासारखे चटकन येणारे पीक सुटीपूर्वी काढून घेता येते. वांग्या-टमाट्यांची रोपे लावून झाली असल्यास बुडाशी वाळलेला पाला किंवा सोयाबीनचे कुटार पसरावे, ओल टिकते. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या करून दिवस वाटून द्यावे, व ती यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनाही द्यावी. पाळी कोणावर लादू नये. दिवाळीत कापूस वेचणीस जाणाऱ्या घरांतील मुलांच्या अंगावर आधीच काम असते, हे शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

किडीसंबंधी बोलताना अधिक गंभीर व्हावे लागते. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, ह्याच सुमारास, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. घरात, माळ्यावर, गोठ्यात अशी औषधे पडलेली असतात आणि मुलांना ती परिचयाची वाटतात. एखादा उत्साही मुलगा वांग्यावर अळी दिसताच घरून बाटली घेऊन येईल, ही शक्यता शिक्षकाने गृहीत धरलीच पाहिजे. म्हणून पहिल्या दिवशीच नियम सांगावा : शाळेच्या बागेत बाजारचे कीटकनाशक येणार नाही, त्याची रिकामी बाटली अगर डबा पाणी घालण्यासही येणार नाही, आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असता बागेत काम होणार नाही, त्या दिवशी भाजीही तोडली जाणार नाही. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने झाडावा, अळ्या हाताने वेचाव्या, किडके फळ तोडून दूर पुरावे. त्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क वापरावा. एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, त्यात चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात. त्या वाळवून ठेवण्याचे काम पुढील वर्षी शाळा उघडताच करावे. अधिक सल्ला लागल्यास सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे.

वर्गातील अभ्यासाशी ह्या कामाचा संबंध जोडावा लागत नाही, तो असतोच. वाफ्याचे क्षेत्रफळ, बादल्यांचा गुणाकार, ग्रॅमचे किलो ही गणिते आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकली तर ती वाफ्यावर दिसतात. कोबी-फुलकोबी भूमध्य समुद्राकडील थंड हवेच्या कुळातील, टमाटा व मिरची अमेरिका खंडातून आलेली, वांगे मात्र आपल्याकडचेच. कोणाला ऊन सोसते व कोणाला नाही, हे त्यावरून समजते व भूगोलाचा नकाशा उघडण्यास निमित्त मिळते. भाषेच्या तासाला पेरणीची तारीख, उगवणीचा दिवस, पहिली काढणी व तिचे वजन अशी नोंदवही मुलांनी आपल्या शब्दांत लिहावी. न उगवलेल्या वाफ्याचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी. पुढील वर्षीच्या वर्गाला हीच वही उपयोगी पडेल. काम मात्र अभ्यासाचे असावे, शिक्षेचे नव्हे. उशिरा आलेल्या मुलाला पाणी घालावयास पाठविले की बाग त्याच्या मनातून कायमची उतरते. तसेच मुलींनी भाजी निवडावी व मुलांनी खणावे अशी वाटणीही होऊ देऊ नये. दोन्ही कामे दोघांनी आळीपाळीने करावी.

ज्या दिवशी बागेतील भाजी शिजेल त्या दिवशी ती मुलांनीच तोलावी, स्वच्छ धुवून स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हवाली करावी, आणि वजन फळ्यावर लिहावे. त्या दिवशी शिक्षकानेही पंगतीत बसून तेच जेवावे. जोडीला लिंबाची फोड मिळाली तर पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते, हेही त्याच पंगतीत सांगता येईल.

तेव्हा येत्या शनिवारी प्रत्येक शाळेने दोनच कामे करावी. मुलांना घेऊन पाण्याच्या बादल्या मोजाव्या, आणि त्या संख्येवरून वाफ्यांची संख्या ठरवावी. वापसा आला की खणण्यास आरंभ करावा. हस्ताचा पाऊस उघडला की दिवस भराभर निघून जातात, आणि ऐन हंगामाचे हे दिवस पुन्हा वर्षानेच येतात.